लायसनची रिव्हॉल्वर, तरी कार्यालयाच्या दारात अडवलं. आता काय करावं?

गलाईवाला_विटा

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं दोन दिवस चाललंवतं मनात, पण डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

मी विट्याचा. घरचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, वडील-चुलते सगळे तमिळनाडूत होते, मी मात्र बरीच वर्षं झाली इकडंच आहे. सोन्याची ने-आण असते म्हणून कलेक्टर ऑफिसचं रीतसर लायसन काढलंय, .३२ ची सहा राउंडवाली रिव्हॉल्वर आहे. पोलीस चौकशी झाली, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दिलं, युआयएन नंबर (लायसनवाल्याचा सरकारी ओळख नंबर) पडला, आजवर एकदाही कुणापुढं काढून दाखवली नाही. घरातल्या पोरांनासुद्धा माहीत नाही मी ती कुठं ठेवतो.

परवा सांगलीत पुतणीचं लग्न होतं. सकाळी सराफ कट्ट्यावर माल पोचवायचा होता, तिथनं तडक कार्यालयात गेलो, त्यामुळं कमरेला होतीच, होल्स्टरमध्ये, वरनं शर्ट अन् जाकीट, काही दिसत नव्हतं. दारात वॉचमन ते पीं पीं वाजणारं यंत्र घेऊन उभा. माझ्या कमरेपाशी वाजलं. मी बाजूला घेऊन हळूच लायसनचं पुस्तक दाखवलं तर म्हणाला साहेब बोर्ड बघा. बोर्ड खरंच होता, लाल अक्षरात, "शस्त्र घेऊन प्रवेश नाही". मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला आमच्याकडं ठेवा, जाताना न्या. कुठं ठेवू विचारलं तर काउंटरचा ड्रॉवर उघडून दाखवला, त्यात गाड्यांच्या किल्ल्या, टिकल्यांची पाकिटं, एक बॅटरी अन् अर्धा खाल्लेला वडा कागदात गुंडाळलेला. त्या ड्रॉवरला कुलूपसुद्धा नव्हतं. मी नाही दिली. गाडीत जाऊन बसलो. आतनं मंगलाष्टका ऐकू येत होत्या, शेवटचं सावधान पण ऐकलं, अक्षता मुठीत तशाच राहिल्या. थोरला भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी. व्याह्यांकडची चार माणसं दारात उभी राहून बघत होती, जसं काय मी चोरच.

माझं म्हणणं एवढंच की सरकारनं ज्याला सगळी छाननी करून परवानगी दिलीय त्याला एक खाजगी कार्यालयवाला अडवू शकतो का? ग्राहक मंचात जाता येतं का? व्यापारी मित्रांत सांगून या कार्यालयावर बहिष्कार घालावा असं पण मनात आहे. आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळेला काय करायचं, कारण महिन्याभरात अजून दोन लग्नं आहेत.

सुभेदार_आपशिंगे

भाऊ, आधी एक सांगतो. ड्रॉवरमध्ये ठेवली नाहीस हे लाख मोलाचं काम केलंस. अक्षता पुन्हा टाकता येतील, हत्यार गेलं तर काय गेलं हे आम्हाला विचार. पलटणीत रायफल हातातनं सुटली तर जेवणसुद्धा सुचत नसे.

मी सातारा तालुक्यातला, रिटायर झाल्यावर बारा वर्षं बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहिलो. त्यामुळं दाराच्या दोन्ही बाजू बघितल्यात. दारात उभ्या माणसाला तुझ्या पोटात काय आहे ते कळत नाही. त्याला फक्त कमरेचा फुगवटा दिसतो. तू सज्जन आहेस हे तुझ्या कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि तुझ्यामागनं येणारा अजून एक "माझंपण लायसन हाय" म्हणत येतो त्याचं पुस्तक खरं का खोटं हे त्या नऊ-दहा हजार पगाराच्या पोरानं कसं ओळखायचं? बँकेत आमचे साहेबसुद्धा ग्राहकाची बंदूक आत येऊ देत नव्हते. कुणी वाईट वाटून घेत नव्हतं, घरी ठेवून यायचे.

आता मुद्द्याचं. दुसऱ्याच्या ताब्यात हत्यार देणं हाच गुन्हा ठरू शकतो. कायद्यात सवलत आहे ती एवढीच, की लायसनवाला हजर असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस ते दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा त्याच्याच वापरासाठी नेऊ शकतो. वॉचमनच्या ड्रॉवरचा त्यात कुठं मेळ बसत नाही. त्या मॅनेजरला पण हे सांग, तो चांगल्या मनानं म्हणाला असंल पण उद्या ते हत्यार त्याच्या ताब्यात सापडलं तर त्याचंच घर उठंल.

आणि गाडीत ठेवून जायचा विचार मनातसुद्धा आणू नको. लग्नाच्या पार्किंगमध्ये काचा फुटतात हे सगळ्यांना ठाऊक हाय. तू गाडीत बसून राहिलास ते योग्य केलंस. मी असतो तरी हेच केलं असतं.

वकील_मिरज

दादा, मी कोर्टात रोज असते, शस्त्र कायद्याच्या केसेस अधूनमधून येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

तुमच्या लायसनचा अर्थ असा की शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खाली तुमच्याकडं हत्यार असणं हा गुन्हा होत नाही. ही सरकार आणि तुमच्यातली गोष्ट झाली. कार्यालयाचा मालक त्यात कुठंच नाही, त्यानं कसलं वचन दिलेलं नाही, त्याची जागा आहे आणि कोणत्या अटीवर आत घ्यायचं हे तो ठरवू शकतो. काही बाबतीत नाही ठरवू शकत, संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकान, हॉटेल वगैरे ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरनं अडवता येत नाही असं स्पष्ट आहे. त्या यादीत बंदूक नाही. उलट १९(१)(ख) वाचा, एकत्र जमायचा हक्क दिलाय तो "शांततेने व विनाशस्त्र". हत्यार बाळगायचा मूलभूत हक्क आपल्याकडं कुठं लिहिलेलाच नाही, अमेरिकेतल्या बातम्या बघून बऱ्याच जणांचा हा गैरसमज होतो.

ग्राहक मंचाचं म्हणाल तर हॉल बुक केला तुमच्या भावानं, तुम्ही पाहुणे. आणि भावाच्या घरचं लग्न तर व्यवस्थित पार पडलं. तक्रारीत दम नाही. वेळ आणि पैसा घालवू नका असं मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं असतं तसंच तुम्हाला सांगते.

एक गोष्ट मात्र तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला ती महत्त्वाची वाटते. नाही म्हटल्यावर तुम्ही मागं फिरलात. तिथंच वाद घालत आत घुसला असता तर अतिक्रमण लागलं असतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ३२९ आहे. आणि खरा धोका त्यापुढचा. कंबर दाखवून "बघ माझ्याकडं काय आहे" असं कुणी केलं तर शस्त्र नियम २०१६ मधला ३२ वा नियम आडवा येतो, सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं पाहिजे, होल्स्टरमध्ये पाहिजे, तुमच्या ताब्यात पाहिजे, आणि दाखवून मिरवायचं अजिबात नाही. असा एखादा रिपोर्ट गेला की कलम १७ खाली लायसन निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. मग एका लग्नाच्या दारातला राग आयुष्यभराला महागात पडतो. रद्द झालेलं परत मिळवायला आयुक्तांकडं अपील, त्याच्या तारखा, त्यात दोन-दोन वर्षं जातात, मी पाहिलंय.

अजून एक. सणावारी, जत्रेच्या वेळी, आंदोलनाच्या काळात कलेक्टरांचा मनाई आदेश निघतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७(१), पेपरात छोट्या अक्षरात येतो. लायसन आहे म्हणून त्यातनं आपोआप सुटका होते असं समजू नका. आदेशात सूट कुणाला दिलीय ते शब्दन्शब्द वाचा. निवडणुकीतलं वेगळं, तिथं सरसकट जमा करायला लावत नाहीत, जिल्ह्याची छाननी समिती बघून ठरवते.

बेदाणा_तासगाव

वकीलताई बरोबर आहे तुमचं कायद्यानं पण जरा धंदेवाल्याच्या बाजूनं पण बघा की. मी बेदाण्याचा व्यापारी, सौद्याच्या दिवशी पूर्वी रोख असायचीच, आता बरंचसं बँकेतनं होतंय तरी थोडंफार असतंच. संध्याकाळी सातला तासगावातनं निघून सांगलीत एखाद्या हॉटेलात दोन घास खायला थांबलो अन् दारात बोर्ड असला तर मी काय करायचं? हत्यार गाडीत ठेवायचं नाही, वॉचमनकडं द्यायचं नाही, आत न्यायचं नाही. म्हणजे ज्याच्याकडं रोकड त्यानं उपाशीच जायचं. हॉटेलवाल्याला त्याच्या जागेत काय पाहिजे ते ठरवायचा हक्क आहे हे मला मान्य, पण त्यानं बोर्ड लावताना एवढा विचार करावा की आपल्या गिऱ्हाइकांत कोण कोण येतं. आमच्या भागात द्राक्षवाले, बेदाणावाले, हळदवाले, सोनेवाले, ही काही गुंड माणसं नाहीत.

मी काय केलं ते सांगतो. ज्या हॉटेलात नेहमी जातो तिथल्या मालकाला एक दिवस दुपारी, गर्दी नसताना, हत्यार घरी ठेवून भेटायला गेलो. म्हटलं आप्पा, मी अठरा वर्षं तुमच्याकडं जेवतोय, हा बोर्ड कशामुळं लावला सांगा. तो म्हणाला एक पार्टी आलती, दारू पिऊन टेबलावर पिस्तूल आपटलं, फॅमिलीवाली गिऱ्हाइकं ताटं टाकून उठून गेली, त्यात बाळंतीण होती एक. मग मी काय बोलणार. त्याचं बरोबरच होतं. पण त्यानं मला एक सोय करून दिली, मी फोन केला की डबा बांधून बाहेर आणून देतो, गाडीत बसून खातो. बोर्ड तसाच आहे, अन् आमचं संबंध पण तसंच आहेत.

बहिष्काराचं म्हणाल तर ज्याला पटत नाही त्यानं दुसरीकडं जावं की, पैसा आपला आहे. पण चारचौघांत त्या कार्यालयाची बदनामी करू नका. खोटे रिव्ह्यू तर अजिबात नकोत.

मंगल_कार्यालय_कऱ्हाड

मी कऱ्हाडला कार्यालय चालवतो, तुम्ही गेलात ते आमचं नव्हे. तरी बोर्ड आमच्या दारातपण आहे म्हणून उत्तर देणं भाग आहे.

गलाईवाले दादा, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण आम्ही बोर्ड का लावतो ते ऐका. सहा-सात वर्षांपूर्वी वरात दारात आली, बँजो जोरात, नवरदेवाच्या मामांनी हवेत बार काढला. लायसन होतं त्यांचं. गोळी वर गेली ती मंडपाच्या पत्र्याला भोक पाडून गेली. पत्र्याच्या त्याच पट्टीखाली बायका पंगत वाढत होत्या. कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. पण एक चार वर्षांची पोरगी आवाजानं एवढी घाबरली की आईचा पदर सोडेना, लग्न होईपर्यंत ती रडत होती, मला आजपण तो आवाज ऐकू येतो. पत्रा मी अजून बदलला नाही, पाऊस आला की तिथनं धार लागते, खाली बादली ठेवतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर असा आनंदाचा बार काढणं हा वेगळा गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा घडून गेल्यावर आम्हाला काय उपयोग? पोलीस पहिल्यांदा आमच्याकडं येतात, सीसीटीव्ही मागतात, पुढची बुकिंगवाली माणसं फोन करून विचारतात काय झालंतं हो तुमच्याकडं.

मात्र ड्रॉवरची गोष्ट वाचून मीच हादरलो. खरं सांगतो, आमच्या वॉचमनला पण मी असंच सांगून ठेवलंवतं की काउंटरला ठेवून घे. सुभेदार साहेबांचं वाचून आज सकाळीच दोघांना बोलावून सांगितलं, कुणाचंही हत्यार हातात घ्यायचं नाही, हात जोडून सांगायचं की घरी ठेवून या, आणि सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगायचं. बुकिंगच्या पावतीवर अन् लग्न ठरवायला येतात तेव्हा तोंडी पण सांगणार आहे, म्हणजे पाहुण्याला दारात कळणार नाही, पत्रिका वाटतानाच कळेल. तुमच्या भावाला त्या कार्यालयानं हे आधी सांगायला पाहिजे होतं. ही चूक आमच्या धंद्यातल्या माणसांची आहे.

डोंगरी_पाटण

आमच्याकडं रानडुकरं अन् गवे रात्रीत भाताचं वाटोळं करतात, पीक संरक्षणाचं लायसन आहे, आज्याच्या वेळची ठासणीची बंदूक. ती घेऊन बाजारात जायचा प्रश्नच येत न्हाई, ती शेतासाठी हाय. नूतनीकरणाला न्यायची तरी आम्ही पोत्यात बांधून नेतो अन् वाटेत चहालासुद्धा थांबत न्हाई. दुकानदार घाबरतोय, आपण कशाला त्याला घाबरवायचं. ज्याला ज्या कामासाठी दिलीय त्यानं त्या कामापुरती बाहेर काढावी एवढं माझं म्हणणं.

कुपवाडकर_टेक्सास

वाचून राहवलं नाही. मूळचा कुपवाडचा, नऊ वर्षं टेक्सासमध्ये आहे. इकडं हाच वाद रोजचा आहे, फक्त उलट्या टोकाकडनं. इथं हत्यार बाळगायचा हक्क संविधानात आहे, १७९१ ची दुसरी दुरुस्ती. २०२१ च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेक माणसांना पिस्तूल बाळगायला लायसनपण लागत नाही. एवढं असूनसुद्धा दुकानदार नाही म्हणाला की नाही. त्याची जागा, त्याचा शब्द.

फरक एवढाच की इथं नाही कसं म्हणायचं हे कायद्यानं बारीक बारीक ठरवून दिलंय. लायसनवाल्यांसाठी दोन पाट्या आहेत, दंडसंहितेच्या कलमांच्या नंबरवरनं लोक त्यांना ३०.०६ आणि ३०.०७ म्हणतात. पहिली झाकून नेणाऱ्याला, दुसरी उघडं लावून फिरणाऱ्याला. मजकूर ठरलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षर कमीत कमी एक इंच उंच, उठून दिसेल अशा रंगात, ठळक जागी. पाटी बघूनपण आत गेलं तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनसुद्धा बाहेर गेला नाही तर मात्र गुन्हा बराच मोठा होतो.

इथले बंदूकवाले काय करतात तर बरेच जण शांतपणे दुसरं दुकान बघतात. काही जण मॅनेजरला पत्र देतात की मी तुमचा जुना ग्राहक, तुमच्या पाटीमुळं अमुक एवढी खरेदी आता दुसरीकडं करतोय, कारण सांगावं म्हणून लिहिलं. सभ्य भाषेत, सही करून. मला ही पद्धत आवडते. काही जणांनी उलटं केलं, मुद्दाम रायफली गळ्यात अडकवून कॉफीच्या दुकानांत गेले, फोटो काढले. त्याचा परिणाम असा झाला की २०१३ मध्ये स्टारबक्सच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून ग्राहकांना विनंती केली की बंदुका आत आणू नका. तोवर ते कायद्याप्रमाणं चालू देत होते. म्हणजे आपल्याच माणसांनी दार बंद करून घेतलं. २०१९ ला एल पासोमध्ये वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार होऊन माणसं मेली, त्यानंतर वॉलमार्टनंपण उघड्यावर हत्यार लावून येऊ नका अशी विनंती केली. त्या दिवशी मी घरात बसून बातम्या बघत होतो, बायको त्याच वेळी आमच्या गावातल्या वॉलमार्टमध्ये दूध आणायला गेलेली. फोन उचलेपर्यंतची ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही. तेव्हापासून पाटी बघितली की मला दुकानदाराचा राग येत नाही.

आणि सुभेदार काकांचं शंभर टक्के खरं, इथं पाट्यांमुळं लोक पिस्तूल गाडीत ठेवून जातात आणि गाडीतनं चोरीला गेलेली हत्यारं ही इथली फार मोठी डोकेदुखी आहे.

गलाईवाला_विटा

सगळ्यांचे आभार. सुरुवातीला राग होता तो आता नाही. वकीलताईंनी १५(२) चं सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं, मी समजत होतो की लायसन म्हणजे सगळीकडं चालतं. ग्राहक मंचाचा विषय सोडला.

सुभेदार साहेब, एक विचारायचं राहिलं. पुढच्या लग्नाच्या दिवशी पण माल पोचवायचा आहे. सकाळी माल द्यायचा, दुपारी लग्न, मधे विट्याला परत जाऊन येणं म्हणजे मुहूर्त गेला. मग हत्यार ठेवायचं कुठं?

सुभेदार_आपशिंगे

दोन वाटा. सांगलीत लायसनधारक शस्त्र विक्रेता असंल तर त्याच्याकडं आदल्या दिवशी बोलून ठेव, जमा करून पावती घ्यायची, संध्याकाळी पावती दाखवून न्यायची. पावतीवर हत्यार नंबर अन् राउंड किती ते लिहून घे, सहा म्हणजे सहाच, मोजून. आधी रिकामी करून, नळी जमिनीकडं, त्याच्या देखत. दुसरी वाट म्हणजे मालच आदल्या दिवशी पोचव आणि लग्नाला मोकळ्या कमरेनं जा. मला विचारशील तर दुसरी. पुतणीच्या लग्नात माणसानं दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

वकील_मिरज

लायसनवर एरिया व्हॅलिडिटी काय लिहिलीय तेपण एकदा बघा, जिल्हा, राज्य की देश. आणि मुदत. आता पाच वर्षांची असते, जुनं पुस्तक असेल तर तारीख चुकते बऱ्याच जणांची.

गलाईवाला_विटा

बघितलं, महाराष्ट्र आहे, मुदत अजून दीड वर्ष.

आज दुपारी त्या कार्यालयात जाऊन आलो. हत्यार घरी कपाटात, किल्ली खिशात. मॅनेजर मला बघून उभाच राहिला, त्याला वाटलं भांडायला आलो. म्हटलं बसा, ड्रॉवरबद्दल बोलायचंय. सुभेदार साहेबांनी लिहिलेलं मोबाइलवर वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं, मग वॉचमनला हाक मारली आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरगं विशीतलं, खानापूर तालुक्यातलंच निघालं, आमच्या शेजारच्या गावचं. म्हणालं दादा त्या दिवशी तुम्ही गाडीत बसलावता तेव्हा मी दोनदा बघून गेलो, पाणी आणून द्यावं म्हणलं पण धीर झाला नाही.

थोरल्या भावाकडं रात्री जातोय, बायकोनं शिरा केलाय न्यायला.